पाकिटावर लिहिण्याआधी: घरच्या चॉकलेट कुकीज आणि प्रथिनांचा हिशेब

स्वयंपाक आवरून रेडिओजवळ बसला असाल तर कागद-पेन जवळ घ्या. आज पाककृती सांगणार आहोत, पण त्याआधी आमची एक चूक सांगायची आहे. ती ऐकलीत तर पाककृतीतली मापं तशीच का धरायची, हे आपोआप कळेल.

आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. पापड, शेवया, चटण्या करत होतो, पुढे चॉकलेट कुकीज सुरू केल्या. मुलांना आवडल्या आणि तालुक्याच्या प्रदर्शनात हातोहात खपल्या. दुकानातल्या महाग पाकिटांवर हल्ली ‘प्रोटीन’ हा शब्द दिसतो, म्हणून आमच्यातल्या एकीने सुचवलं की आपणही तसं लिहू. आमच्या कुकीत दूध होतं, कोको होता, वरून चार शेंगदाण्यांचे तुकडे लावलेले. आम्ही स्टिकर छापून घेतले, ‘भरपूर प्रथिने’. खप वाढला आणि आम्ही खूश झालो.

मग एके दिवशी गावातली एक बाई आमच्या खोलीवर आली. तिची मुलगी चौदा वर्षांची, शाळेत कबड्डी खेळते. मुलीला डब्यात भाकरी नको असायची, मैत्रिणी हसतात म्हणून. आईने विचार केला, आपल्याच बायकांच्या कुकीज आहेत, वर प्रथिनं लिहिली आहेत, तर डब्यात त्याच देऊ. महिनाभर रोज चार कुकीज जात होत्या. त्या आठवड्यात पोरीला मैदानावर चक्कर आली. दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दुपारी काय खातेस?’

ती बाई भांडायला आली नव्हती. पाकीट पुढे ठेवून तिने एवढंच विचारलं, ‘यात प्रोटीन किती असतं हो?’

आम्ही बाराजणी होतो, पण एकीलाही उत्तर देता आलं नाही.

हिशेब मांडला तेव्हा

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंना बोलावलं आणि वही घेऊन बसलो. हिशेब अवघड नाही, तुम्हीही करू शकता. प्रत्येक जिन्नस किती ग्रॅम घातला ते लिहायचं. १०० ग्रॅममध्ये किती प्रथिनं असतात ते पाकिटामागच्या तक्त्यात किंवा पोषणाच्या पुस्तकात मिळतं. त्यावरून आपल्या मापाची प्रथिनं काढायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि जितक्या कुकीज झाल्या त्याने भागायचं.

आमची जुनी कुकी अशी होती. मैदा २०० ग्रॅम, त्यात प्रथिनं साधारण २० ग्रॅम. कोको २५ ग्रॅम, त्यात ५. थोडं दूध, त्यात एक-दीड. साखर दीडशे ग्रॅम, त्यात शून्य. वनस्पती तूप सव्वाशे ग्रॅम, त्यातही शून्य. वरचे शेंगदाणे इतके थोडे की त्यांनी बेरीज हलत नव्हती. एकूण २६ ग्रॅम आणि कुकीज झाल्या वीस. म्हणजे एका कुकीत सव्वा ग्रॅमच्या आसपास. चार कुकीज खाल्ल्या तर ५ ग्रॅम. एका अंड्यात ६ असतात.

आता दुसरी बाजू. मुलीच्या डब्यातून काय गेलं होतं? ज्वारीची एक भाकरी, पिठाने साधारण ६० ग्रॅमची, त्यात ६ ग्रॅम प्रथिनं. मूठभर मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम धरली तर त्यातही सहा-सात. म्हणजे साध्या डब्यात बारा ग्रॅम होती. आमच्या स्टिकरवर विश्वास ठेवून त्या आईने बारा काढून पाच दिली, आणि वर साखर-तूप दिलं. चक्कर येण्याची कारणं बरीच असतात, ती डॉक्टरांनीच ठरवायची. पण डबा हलका झाला तो आमच्या शब्दामुळे, हे आम्हाला नाकारता येईना.

त्या रात्री उरलेल्या पाकिटांवरचे सगळे स्टिकर खरवडून काढले. मग ठरवलं, कुकी बंद करायची नाही. शब्द खरा होईल अशी करायची.

किती लागतात आणि कुठून मिळतात

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन ५५ किलो असेल तर साधारण ४६ ग्रॅम. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ४३च्या आसपास, म्हणजे आईइतकीच, कारण तिचं अंग अजून वाढतं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना याहून जास्त.

प्रथिनं म्हटलं की डब्यातली परदेशी पावडर आठवते. पण आपल्या कोरडवाहू भागात जे पिकतं त्यात ती भरलेली आहेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २४-२५ ग्रॅम, पंढरपुरी डाळ्यात २० ते २२, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ३५ च्या आसपास. गव्हाच्या पिठात १० ते ११. कोकोतही १०० ग्रॅमला २० असतात, पण कोको आपण चमच्याने घालतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

आणखी एक गोष्ट. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तर डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी पडतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपली भाकरी-पिठलं, वरण-भात, पुरणपोळी हेच करतात. मग कुकीनेही तेच करावं. म्हणून आम्ही मैदा काढून गहू आणि डाळं एकत्र घेतलं.

तीन वेळा बिघडली, तीन कारणांनी

पहिल्यांदा उत्साहात गहू अजिबात घेतला नाही, नुसतं डाळ्याचं पीठ आणि कूट. कुकी उचलली की भुगा व्हायचा. गव्हात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, डाळ्यात नसतं. म्हणून निम्मं तरी गव्हाचं पीठ हवं, आणि बांधायला अंडं किंवा दही.

दुसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं, सोयाबीनमध्ये सगळ्यात जास्त प्रथिनं. खरं आहे ते. आम्ही कच्चे दाणे दळून आणले. कुकीला उग्र वास आला, आणि ज्यांनी खाल्ली त्यांचं पोट जड झालं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते नीट शिजवल्या-भाजल्याशिवाय जात नाहीत. त्यामुळे सोयाबीन वापरायचंच असेल तर आधी भिजवून, उकळून, वाळवून, भाजून मग दळा. आम्ही तो खटाटोप सोडून दिला. डाळं भाजलेलंच मिळतं.

तिसऱ्यांदा कुकीज आतून मऊ आणि खालून काळ्या झाल्या. मैद्याच्या कुकीजना द्यायचो तीच आच दिली होती. दुधाची पावडर आणि गूळ एकत्र आले की उष्णतेने फार लवकर तपकिरी होतात, आणि चॉकलेटच्या काळ्या रंगात तो फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे या कुकीला आच कमी लागते, आणि भाजली की नाही हे रंगावर ठरवायचं नाही, कडेला बोट लावून ठरवायचं.

आता लिहून घ्या

या मापात २५ ग्रॅमच्या गोळ्यांच्या २८ कुकीज होतात.

गव्हाचं पीठ १०० ग्रॅम
पंढरपुरी डाळ्याचं बारीक पीठ १०० ग्रॅम
भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं कूट १०० ग्रॅम
साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम
बिनसाखरेची कोको पावडर २५ ग्रॅम
गुळाची पावडर किंवा बारीक किसलेला गूळ १२० ग्रॅम
साजूक तूप ८० ग्रॅम
डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे ५० ग्रॅम
अंडं १, किंवा घट्ट दही तीन मोठे चमचे
बेकिंग पावडर चहाचा एक चमचा सपाट
खायचा सोडा चहाचा पाव चमचा
मीठ चिमूटभर
दूध दोन ते तीन मोठे चमचे, लागेल तसं

वाटीचं माप फसवं असतं. दाबून भरली तर एक वजन, हलकी भरली तर दुसरं. घरी काटा नसेल तर किराणा दुकानदाराकडून एकदा १०० ग्रॅम मोजून घ्या, आपल्या वाटीत ओता आणि कुठवर येतं तिथे खूण करा.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. कोको पावडर आणि दुधात घालायची चॉकलेट पावडर यांत फरक आहे. दुसरीत बहुतेक साखर असते. तसंच बाजारातल्या स्वस्त ‘कंपाउंड’ वड्यांत कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. स्वाद चालत असेल तर वापरा, पण काय घेतोय ते माहीत असू द्या.

शेंगदाणे नीट निवडा. बुरशी लागलेला, काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा फेकून द्या. अशा दाण्यातलं बुरशीचं विष भाजून जात नाही. कूट करताना मिक्सर थांबत थांबत फिरवा, एकसारखा फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

कृती

डाळं कढईत दोन मिनिटं गरम करून गार करा, म्हणजे दमटपणा जाईल. मग दळून चाळून घ्या. गव्हाचं पीठ, डाळ्याचं पीठ, दूध पावडर, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर तेवढा घास कडू लागतो. गूळ आणि कोको थोडे आंबट गुणाचे असतात, त्यामुळे पाव चमचा सोडाही काम करतो. जास्त घालू नका.

तूप थिजलेलं पण मऊ हवं, वितळलेलं नको. वितळलं असेल तर कुकी तव्यावरच्या घावनासारखी पसरते. तूप आणि गूळ हाताने किंवा रवीने पाच मिनिटं फेटा, रंग फिका होईपर्यंत. त्यात अंडं फोडून घाला आणि पुन्हा फेटा. मग चाळलेलं पीठ, कूट आणि चॉकलेटचे तुकडे घाला. पोळीच्या कणकेसारखं मळू नका, नुसतं गोळा करा. मळलं की गहू चिवट होतो. कोरडं वाटलं तर एकेक चमचा दूध घाला.

आता गोळा झाकून अर्धा तास ठेवा. ही पायरी चुकवू नका. डाळ्याचं पीठ आणि दूध पावडर ओलावा सावकाश पितात. लगेच भाजलं तर कुकी खाताना तोंडात पीठ-पीठ लागतं आणि घशाला कोरड पडते. पाकीटबंद प्रोटीनच्या पदार्थांनाही बरेचदा तशीच चव असते, ती याच कारणाने.

अर्ध्या तासाने २५ ग्रॅमचे, मोठ्या सुपारीहून थोडे मोठे गोळे करा आणि तळहातावर दाबून चपटे करा. या पिठात तूप कमी आहे, त्यामुळे कुकी आपोआप पसरत नाही. जेवढी चपटी कराल तेवढीच राहील.

ओव्हन असेल तर आधी दहा मिनिटं १६० अंशांवर तापवा आणि तेरा ते पंधरा मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या. तळाला बोटाच्या पेराएवढा मिठाचा थर द्या, त्यावर रिंग ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत कुकीज ठेवून ती रिंगवर ठेवा, झाका आणि गॅस बारीक करा. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नका, ती कोरडी तापवायची नसते. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा.

कड घट्ट आणि मधला भाग थोडा मऊ लागला की बाहेर काढा. गरम असताना ती मऊच असते, गार होताना आवळते. ‘अजून कच्ची आहे’ म्हणून पाच मिनिटं जास्त ठेवलीत तर गार झाल्यावर दगड होईल. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गूळ हवेतली ओल ओढतो आणि शेंगदाणा खवट होतो, म्हणून दहा-बारा दिवसांत संपवा.

मग झाली किती?

गहू १०, डाळं २०, शेंगदाणे २४, दूध पावडर १७, कोको ५, अंडं ६, चॉकलेट ३, दूध १. बेरीज ८६. अठ्ठावीसने भागलं तर एका कुकीत ३ ग्रॅम. दही घातलं तर किंचित कमी. दोन कुकीज म्हणजे एका अंड्याइतकी किंवा वाटीभर घट्ट वरणाइतकी प्रथिनं. आधीच्या कुकीपेक्षा दुपटीहून जास्त, आणि यात परदेशी पावडर एक चमचाही नाही.

पण वहीच्या दुसऱ्या पानावरचा हिशेबही सांगितला पाहिजे. एका कुकीत साधारण ११० कॅलरी आहेत आणि चहाच्या एका चमच्याइतकं गोड आहे. गूळ झाला म्हणून तो साखरेहून फार वेगळा नाही. मधुमेह असेल तर ही रोजची गोष्ट नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. शेंगदाणा, दूध, अंडं, गहू यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या हातात देताना आधी विचारा.

पोरींना रक्त वाढायची गोळी चालू असेल तर ती चहा, दूध किंवा या कुकीबरोबर देऊ नका. चहा-कोकोतले घटक आणि दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाहीत. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, कुकी दोन तासांनी.

विकायची असेल तर

घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. जिन्नस वजनाने जास्त ते कमी या क्रमाने लिहायचे. अंडं घातलं असेल तर हिरवी खूण चालत नाही, मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूण लावावी लागते. आमच्याकडे वारकरी घरं बरीच, म्हणून आम्ही दह्याचीच करतो. आणि ‘भरपूर प्रथिने’ हे शब्द हौसेने लिहायचे नसतात. १०० ग्रॅम पदार्थात दिवसाच्या गरजेच्या किमान २० टक्के प्रथिनं असावी लागतात, असा नियम आहे. वहीतला हिशेब आपल्या समजुतीसाठी आहे. पाकिटावर लिहायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा. आमचा अहवाल हाती येईपर्यंत आम्ही पाकिटावर फक्त जिन्नस लिहितो. खप थोडा कमी झाला आहे. गटात त्यावरून वादही झाला, नाही असं नाही. पण विचारणाऱ्याला आता बाराजणींपैकी कुणीही उत्तर देऊ शकते.

ती बाई नंतर आमच्याकडे कुकी शिकायला आली. आता ती कढईतच करते. मुलीच्या डब्यात पुन्हा भाकरी आहे, फक्त तिचे तुकडे करून उसळीत कुस्करलेले, म्हणजे मैत्रिणींना दिसत नाही. दोन कुकीज वेगळ्या डबीत असतात, संध्याकाळच्या सरावाआधी खायला.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी एवढं करा. घरातला कुणी दिवसभरात काय खातो ते एका कागदावर लिहा, समोर प्रथिनांचा आकडा मांडा आणि बेरीज करा. कुकी करायची की नाही ते त्यानंतर ठरवा. पुष्कळ घरांत असं दिसेल की कुकीची गरज नाही, वाटीभर उसळीचीच आहे.